खडाखडी : कुस्ती निवेदकांच्या विनोदी वेबमालिकेच्या प्रकल्प नोंदी

१० नोव्हेंबर २०२४ : आराखडा

कामापुरतं नाव 'खडाखडी', म्हणजे कुस्तीच्या सुरुवातीला मल्ल एकमेकांना अजमावतात ती झटापट. सहा भाग, प्रत्येकी सहा ते आठ मिनिटं. दोन कुस्ती निवेदक टेबलामागे बसून रोजच्या झटापटींचं समालोचन करणार. हॉटेलचं बिल कोण देणार, एसटीत जागा कोण धरणार, पंगतीत जिलेबी कुणाच्या ताटात पडणार. निवेदन अस्सल मैदानी हवं. निवेदकांनी एकदाही हसायचं नाही, आणि 'आम्ही गंमत करतोय' हे आवाजातसुद्धा दिसू द्यायचं नाही.

हा प्रकार अमेरिकेत जुना आहे. 'प्राइम टाइम रेसलिंग' १९८५ ते १९९३ यूएसए नेटवर्क या वाहिनीवर चालायचं. गोरिला मन्सून आणि बॉबी हीनन हे निवेदक कुस्त्यांच्या मधल्या जागा भरायचे, आणि लोकांच्या लक्षात त्या मधल्या जागाच राहिल्या. हीनन उघड उघड खलनायकांची बाजू घ्यायचा, मन्सून वैतागायचा. पुढे २०१२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीच्या यूट्यूब वाहिनीवर 'द जेबीएल अँड कोल शो' आला. मायकल कोल आणि जॉन ब्रॅडशॉ लेफिल्ड (हाच जेबीएल), नंतर सोबत रेने यंग. २०१५ पर्यंत चालला. कमी खर्चाचा, दौऱ्यातल्या दौऱ्यात उरकलेला प्रकार, पण जोडी पक्की. कोल मुळात रेडिओचा बातमीदार, १९९७ मध्ये कुस्तीच्या धंद्यात आला. लेफिल्ड स्वतः रिंगणात खेळलेला गडी. एक सांगतो काय झालं, दुसरा सांगतो का झालं.

यातून आपण घ्यायचं ते एवढंच: एक मातीतला, एक माईकवरचा. दोन्ही माईकवरचे घेतले की दोघे एकमेकांची वाक्यं ओढायला लागतात. दोन्ही मातीतले घेतले की दोघांनाही डाव दिसतो, पण प्रेक्षकाला गाव-नाव-तालीम सांगायचं राहून जातं. नोंदींत सोयीसाठी 'पैलवान' आणि 'मास्तर' असंच लिहू.

मैदानी निवेदनातलं एक अंग अमेरिकनांकडे नाही, आणि विनोदाची खरी खाण तिथेच आहे. आपल्या निवेदकाला कुस्ती ऐन रंगात असताना मान्यवरांचं स्वागत करावं लागतं, इनामात पडलेली भर वाचावी लागते, वाटेत लावलेली गाडी काढायला सांगावं लागतं, हरवलेलं पोरगं स्टेजजवळ उभं असल्याचं जाहीर करावं लागतं. प्रत्येक भागात असे तीन व्यत्यय. जास्त नकोत. चौथा आला की प्रेक्षक वाट बघायला लागतो.

१७ नोव्हेंबर : डावांचा तक्ता

मालिकेचा कणा हाच. रोजच्या हालचालीला डावाचं नाव द्यायचं ते अंगाची ठेवण जुळली तरच. कानाला बरं वाटतं म्हणून नाही. आज तालमीत वस्तादांसमोर एकेक प्रसंग करून तक्ता पक्का केला.

पट: समोरच्याचा पाय धरून तोल काढणं. बिलाच्या लढतीत समोरच्याच्या पँटच्या खिशाकडे खालून हात घालणं म्हणजे पट. दोन्हीकडे हल्ला कमरेखाली, आणि दोन्हीकडे बचाव एकच: कंबर मागे.

ढाक: उभ्या कुस्तीत हात आणि मान अडकवून, पायाचा आधार देऊन फेकणं. गल्ल्यासमोर साडूच्या गळ्यात हात टाकून त्याला प्रेमाने दाराकडे वळवणं ही ढाक. पाय आडवा आला नाही तर ढाक म्हणायचं नाही, 'मानेला कस' एवढंच म्हणायचं.

घिस्सा: खाली बसलेल्या मल्लावर चालतो. म्हणून उभ्या माणसाला घिस्सा लागत नाही, कितीही मोह झाला तरी. वाकून बुटाची नाडी बांधणारा, बाकाखाली पिशवी शोधणारा, पंगतीत मांडी घालून बसलेला, हे मात्र घिश्शाचे हक्काचे गिऱ्हाईक.

कलाजंग: माणूस खांद्यावर उचलला गेला पाहिजे. पोराला खांद्यावर घेऊन एसटीच्या खिडकीतून आत सोडणं म्हणजे अगदी वस्तादांनी शिकवलेली कलाजंग.

धोबीपछाड: कुस्ती न बघणाऱ्यालाही हे नाव माहीत असतं, म्हणून लेखनात सारखं घुसतं. सहा भागांत एकदाच.

निकालाचाही प्रश्न होता. मैदानी कुस्ती निकाली असते. गुण मोजत बसत नाहीत, पाठ टेकली की संपलं. तेव्हा प्रत्येक भागात 'चितपट' म्हणजे काय ते आधी ठरवायला हवं, नाहीतर शेवट लोंबकळतो. बिलाच्या लढतीत निकाल देणार गल्ल्यावरचं यूपीआयचं बोलकं खोकं. 'चारशे वीस रुपये प्राप्त झाले' हे ज्याच्या मोबाइलमुळे उमटलं तो जिंकला. पंच म्हणून त्याच्याइतका निःपक्षपाती दुसरा मिळणार नाही. पंगतीत जिलेबी ताटाला टेकली की निकाल. एसटीत बूड टेकलं की निकाल, नुसता रुमाल टेकून नाही. रुमालावर वाद होणार, आणि तो वाद हाच भाग तीनचा उत्तरार्ध.

२४ नोव्हेंबर : तालमीत आवाजाची चाचणी

कर्णे आणि ॲम्प्लिफायर आज मिळाले. २० तारखेच्या विधानसभेच्या मतदानापर्यंत गावोगावचे कर्णे प्रचाराच्या गाड्यांवर होते.

निवेदकांचं टेबल तालमीतच, हौद्याच्या, म्हणजे मातीच्या आखाड्याच्या, कडेला. माती मऊ असल्यामुळे खालून आवाज फारसा उसळत नाही. त्रास दगडी भिंतींचा. मास्तरांचा आवाज चढला की शब्दाचं शेपूट मागे रेंगाळतं. दोन भिंतींवर घोंगड्या टांगल्या, टेबलामागे उभ्या गाद्या लावल्या. छताला काही करता आलं नाही, पण तोंडासमोरची आणि पाठीमागची भिंत झाकली की बाकीचं चालून जातं.

माईक: दोघांना डोक्यावर बसणारे हेडसेट. मैदानी निवेदकाला माईक हातात लागतो, तो काढून घेतला की हात कुठे ठेवायचा ते त्याला कळत नाही आणि आवाजाची फेकही बदलते. म्हणून हातात बिनतारेचा, न जोडलेला जुना माईक दिला. चित्रात तो दिसतो, आवाज हेडसेटचा घेतला जातो. हेडसेटची दांडी ओठांसमोर न ठेवता ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटं लांब. समोर ठेवली की 'प', 'फ', 'भ' यांचा वारा थेट माईकच्या पडद्यावर आदळतो, आणि कुस्तीच्या भाषेत पट, फेक, भारंदाज हेच शब्द जास्त.

ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, ३२-बिट फ्लोट. दोघांच्या आवाजातला चढउतार एवढा आहे की २४-बिटवर कुजबुजीला पातळी लावली तर 'आसमान दाखवलं!' फाटतं. फ्लोटमध्ये नंतर खाली ओढता येतं. पण ध्यानात ठेवायचं: फ्लोट फक्त रेकॉर्डरच्या आतलं वाचवतं. बिनतारी संचाचा ट्रान्समीटरच आधी फाटला तर फाटलेला आवाजच इमानेइतबारे साठवला जातो. ट्रान्समीटरची पातळी ओरडून बघूनच लावावी, बोलून नव्हे.

१ डिसेंबर : जत्रेच्या मैदानावर

प्रत्येक भागाची सुरुवात आणि शेवट खऱ्या मैदानावरच्या गर्दीवर. कोल्हापूरचं खासबाग डोळ्यासमोर येतं. शाहू महाराजांच्या काळातलं, १९१२ सालचं ते मैदान. चहूबाजूंनी उतरती बैठक, त्यामुळे मागच्या माणसालाही हौदा दिसतो. पण तिथली गर्दी मिळणं आपल्या वेळापत्रकात नाही. गावच्या जत्रेतलं मैदान घेतलं. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून शेवटच्या जोडीपर्यंत सगळं मिळतं.

तिथे काय बिघडतं त्याची नोंद सविस्तर, कारण पुढच्या प्रत्येक जत्रेत हेच बिघडणार.

पहिलं, घुमणं. ॲम्प्लिफायरच्या 'रेकॉर्ड आउट'मधून तार घेतली की पन्नास हर्ट्झचा घूं आला. ॲम्प जनरेटरवर आणि आपला रेकॉर्डर त्याच बोर्डावर चार्जरला, त्यामुळे अर्थिंगचं वर्तुळ तयार होतं. रेकॉर्डर बॅटरीवर टाकला, घूं गेला. गेला नसता तर मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (दोन यंत्रांमधला विजेचा जोड तोडून आवाज तेवढा पुढे नेणारा) लागला असता. तो पेटीत असू द्यावा.

दुसरं, साउंडवाला. कुस्ती रंगात आली की तो आवाज वाढवतो, ते त्याचं कामच आहे. काही ॲम्पमध्ये 'रेकॉर्ड आउट' मुख्य बटणाच्या नंतरचं असतं, म्हणजे त्याने बटण फिरवलं की आपलं मुद्रण फुगतं. उपाय बातमीवाल्यांचाच: मैदानी माईकच्या दांड्याला, जाळीखाली चार बोटं, आपला छोटा कॉलर माईक काळ्या चिकटपट्टीने बांधायचा. ॲम्पची तार राखीव म्हणून चालू ठेवायची.

तिसरं, उशिरा येणारा आवाज. सगळ्यात लांबचा कर्णा पन्नास मीटरवर. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे निवेदकाला स्वतःचंच वाक्य सुमारे दीड दशांश सेकंदाने परत ऐकू येतं. सरावलेल्या मैदानी निवेदकाला याची सवय असते, तो वाक्यं तोडून तोडून बोलतो. ती लय ऐकायला झकास आहे, पण तालमीत मुद्रित केलेल्या भागाशी जुळत नाही. दोन पर्याय: मैदानावर बाहेरचा आवाज अडवणारे हेडफोन घालून बोलणं, किंवा तालमीतही जाणूनबुजून तोडून बोलणं. दुसरा घेतला. मालिकेची लय मैदानाची हवी, स्टुडिओची नको.

चौथं, हलगी. हलगी वाजवण्याआधी शेकावी लागते, कातडं ताणलं की आवाज टणक होतो. डिसेंबरच्या संध्याकाळी अर्ध्या-पाऊण तासात ती पुन्हा ढिली पडते आणि आवाज उतरतो. पाच वाजताची आणि सात वाजताची हलगी एकाच दृश्यात जोडली तर कान लगेच पकडतो. म्हणून दर तासाला, शेकल्यावर लगेच, नुसत्या हलगी-घुमक्याची दोन मिनिटांची पट्टी वेगळी मुद्रित केली. संकलनात गर्दीची हलगी दाबून ही पट्टी घालायची.

पाचवं आज सुटलं नाही. पलीकडच्या पाळण्यावर सिनेमाची गाणी चालू होती आणि ती सगळ्या मुद्रणात आहेत. १२ जानेवारीची नोंद बघा.

८ डिसेंबर : भाग १, 'बिल'

स्थळ मिसळीचं हॉटेल, दुपारी तीन ते सहा. पात्रं दोन साडू, एक गल्लेवाला, एक वेटर. सेकंदाला २५ फ्रेम, शटर एक पन्नासांश. दिवे पन्नास हर्ट्झवर असल्याने त्यांच्याशी न जुळणारं शटर लावलं की ट्यूबलाइट लुकलुकते.

दोन कॅमेरे. एक गल्ल्याच्या बाजूने कमरेच्या उंचीवर, दुसरा फक्त हातांवर. हातांचाच कॅमेरा महत्त्वाचा. बिलाची कुस्ती मनगटात असते: डाव्या हाताने समोरच्याचं उजवं मनगट खाली दाबायचं, उजव्या हाताने आपला मोबाइल काढायचा, आणि तोंडाने 'अहो दाजी, असं काय करता' चालू ठेवायचं. हे तिन्ही एका वेळी झालं तरच झटापट खरी वाटते. नटांना संवाद दिले नाहीत, फक्त पकडींचा क्रम दिला. संवाद दिले की हात थांबतात.

बोलकं खोकं: खऱ्या व्यवहारावर ते बोलायला दोन सेकंदही लावतं, पाचही लावतं, नेटवर अवलंबून. नटाची प्रतिक्रिया त्या क्षणावर बेतलेली, त्यामुळे हा भरवसा परवडत नाही. एकदा खरे चारशे वीस रुपये पाठवून खोक्याचा आवाज वेगळा मुद्रित केला आणि चित्रीकरणात तो तारेच्या स्पीकरवरून वाजवला. ब्लूटूथ स्पीकर वापरू नये. तो स्वतःच उशीर करतो, आणि दर वेळी सारखा उशीरही करत नाही.

निवेदन त्याच संध्याकाळी तालमीत. इथे एक नियम केला तो शेवटपर्यंत पाळायचा: निवेदकांनी चित्रण आधी बघायचं नाही. कोण जिंकलं हे माहीत असलं की आवाज ते सांगून टाकतो. हरणाऱ्याच्या डावाला 'जोरदार' म्हणतानाही सूर पडतो. पहिली पाहणी आणि पहिलं निवेदन एकदमच, न थांबता. दुसरी फेरी फक्त डावाचं नाव चुकलं असेल तिथे आणि व्यत्ययाच्या वाक्यांसाठी.

व्यत्ययाची वाक्यं कार्डांवर. सहायकाने कार्ड टेबलावर सरकवायचं, निवेदकाने ते जसं येईल तसं वाचायचं. कार्ड कधी सरकवायचं हाच सगळा विनोद आहे. डाव लागत आला आहे, पण लागलेला नाही, त्या अर्ध्या श्वासात. आजच्यापैकी जमलेलं:

मास्तर : "थोरल्या साडूंनी मनगटाला कस दिलेला आहे, धाकट्यांचा मोबाइल हवेत, अंगठा… अंगठा लागलेला नाही… एमएच शून्य नऊ, पांढरी गाडी, कृपया पाण्याच्या टँकरला वाट द्यावी."

पैलवान : "मास्तर, टँकर राहू दे. पट निघाला तिकडं!"

पैलवानांचं ते वाक्य कार्डावर नव्हतं. तसंच ठेवलं.

१० डिसेंबर

लेन्सवर तेलकट डाग. तालमीच्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मुरवलेलं असतं, त्यामुळे तिची धूळ कोरड्या फडक्याने पसरते, निघत नाही. आधी ब्लोअर, मग द्रवाने ओला केलेला टिश्यू. पुढे फिल्टर लावूनच आत जायचं, लेन्स बदलायची असेल तर तालमीबाहेर. स्टँडचे पाय हौद्यात रोवायचे नाहीत, कडेला फळी टाकायची. चपला-बूट दाराबाहेर, कॅमेरामनचेही.

१५ डिसेंबर : संकलन, भाग १

न बघता केलेल्या निवेदनाची किंमत इथे मोजावी लागते. डोळ्याने बघून तोंडाने बोलेपर्यंत वेळ जातो, त्यामुळे हाक नेहमी घटनेच्या मागे पडते. थेट मैदानात हे कुणाला खटकत नाही, कारण प्रेक्षकही तेवढाच उशिरा सावरतो. पडद्यावर खटकतं.

उपाय: निवेदक चित्रात नसतील तिथे त्यांचा आवाज पुढे ओढायचा. सहा ते आठ फ्रेम, म्हणजे पाव ते तिसरा हिस्सा सेकंद. दहा फ्रेम ओढल्या की निवेदकाला भविष्य दिसतंय असं वाटतं आणि नाट्य मरतं. निवेदक चित्रात असतील तिथे ओठ जुळायला हवेत, ओढता येत नाही. म्हणून ऐन डावाच्या क्षणी कधीही टेबलाच्या दृश्यावर जायचं नाही. डाव संपल्यावर जावं, दोघांचे चेहरे दाखवावेत, आणि तिथे एक सेकंद कुणीही बोलू नये. ती शांतता भरायचा मोह प्रत्येक संकलकाला होतो. हात बांधून ठेवावेत.

लाल मातीवरून उसळलेला उजेड हनुवटीखाली तांबूस पडतो. व्हाइट बॅलन्स करड्या कार्डावर, पण कार्ड चेहऱ्याजवळ धरून घेतलेला. हौद्याच्या कडेला घेतला तर सगळं चित्र निळसर होतं आणि माती चॉकलेटी दिसते. मातीचा लाल रंग गेला तर कुस्ती बघणारा माणूस पुढे बघणार नाही.

अंतिम आवाज −१४ एलयूएफएस (सरासरी मोठेपणाचं माप), शिखर −१ डीबीटीपी (कमाल पातळीचं माप). यूट्यूब यापेक्षा मोठा आवाज खाली आणतं, लहान असेल तर वर नेत नाही.

२२ डिसेंबर : भाग २, 'आग्रह'

पंगत बारा पानांची, लढत एकाच पानावर. स्टीलची ताटं दिव्याला चमकतात, त्यामुळे पत्रावळी.

जिलेबी तीन किलो, पण एकदम आणायची नाही. कढईतून निघाल्यावर थोडा वेळ ती कुरकुरीत असते, मग पाक मुरून मऊ पडते. मऊ पडली की ताटाला टेकल्याचा आवाज येत नाही, आणि निकाल तर टेकण्यावरच आहे. किलो-किलोने तीन हप्त्यांत मागवली. टेकण्याचा आवाज वेगळाही घेतला: कोरडी पत्रावळ, ताजी जिलेबी, माईक एक वितीवर. बसणाऱ्या नटाने जिलेबी खायची नाही, नुसती तोडायची. दहा वेळा गोड खाल्लेल्या माणसाचा नकार खोटा वाटत नाही हे खरं, पण त्याच्या चेहऱ्यावरून निकाल आधीच कळतो.

बचावाची एकच पकड: ताटावर आडवा हात. वाढप्याचे डाव तीन. हाताच्या बाजूने, बोटांच्या फटीतून, आणि 'बरं नको तर नको' म्हणत पुढे जाऊन परत फिरून मागून. तिसरा घिस्साच.

मास्तर : "आडवा हात! ताटावर आडवा हात! बचाव भक्कम आहे."

पैलवान : "त्या आडव्या हाताला काय अर्थ न्हाई मास्तर. चार फटी उघड्या हाईत."

मास्तर : "वाढपी पुढे निघून गेलेला आहे. कुस्ती बरोबरीत सोडवण्याची मागणी…"

पैलवान : "सोडवू नका. गडी परत फिरतोय. खाली बसलेल्याच्या पाठीमागं गेला की काय लागतं, सांगा की तुम्हीच."

इथे कार्ड होतं 'वधूपक्षाकडून पाचशे एक रुपये इनाम'. वाढप्याला की बसणाऱ्याला हे मास्तरांनी सांगितलं नाही. न सांगितल्यामुळेच जमलं.

५ जानेवारी २०२५ : उपशीर्षकं

पैलवानांची बोली जशी आहे तशीच लिहायची, 'हाय' आणि 'न्हाई' सकट. प्रमाण मराठीत सुधारली की वाचताना दोघे एकाच आवाजात बोलायला लागतात.

तांत्रिक: उपशीर्षकांची एसआरटी फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतातच साठवावी. चित्रातच कायमची उमटवायची अक्षरं प्रीमियर या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये करताना ग्राफिक्सच्या पसंतीत मजकुराचं इंजिन दक्षिण आशियाई लावावं, नाहीतर वेलांटी भलत्या अक्षरावर चढते आणि जोडाक्षरं फुटतात. 'गिऱ्हाईक', 'दुसऱ्या', 'वाऱ्या' यातला अर्धा र दोन पद्धतींनी टंकला जातो. दिसायला सारखा, पण शोध घेताना एक सापडतो आणि दुसरा सुटतो. सगळीकडे एकच पद्धत करून घेतली. फॉन्ट मुक्ता, ओळीला पस्तीस-चाळीस अक्षरांच्या आत, दोन ओळींच्या वर नाही.

मोठं भान वेगळंच: उपशीर्षकाने विनोद आधी फोडू नये. 'पट निघाला तिकडं' हे अक्षरांत आवाजाच्या आधी दिसलं तर फुकट गेलं. व्यत्ययाचं वाक्य आणि त्यावरचं उत्तर कधीही एका चौकटीत नाही.

१२ जानेवारी : हक्क

जत्रेतल्या पाळण्यावरची गाणी. यूट्यूबवर चाचणीसाठी खासगी ठेवलेल्या फाइलवर कंटेंट आयडीचा, म्हणजे हक्काची गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचा, दावा आला. गाणं मागे, अस्पष्ट, गर्दीखाली दबलेलं आहे. यंत्राला तेवढं पुरतं. लांब भागावर दावा म्हणजे बहुधा उत्पन्न जातं, पण लहान फितींचं दुखणं मोठं. १५ ऑक्टोबर २०२४ पासून यूट्यूबच्या उभ्या शॉर्ट्स तीन मिनिटांपर्यंत चालतात, मात्र मिनिटाच्या वरच्या शॉर्टवर असा दावा असेल तर ती सरळ अडवली जाते. म्हणून जत्रेचा मूळ आवाज काढून टाकला. त्या जागी १ डिसेंबरच्या हलगीच्या पट्ट्या, वेगळी घेतलेली गर्दी, आणि कॉलर माईकचं निवेदन. गाणं पुसणाऱ्या साधनांनी हलगीही खरवडली जाते. तो मार्ग सोडला.

अमेरिकन कार्यक्रमांचे तुकडे कुठेही वापरायचे नाहीत, दोन सेकंदांचेही नाहीत.

जाहिरात: कुस्तीच्या फलकांवर असतात तेच इथे हवेत. दूध, पतसंस्था, खुराकाचं दुकान. सट्ट्याच्या ॲपवाल्यांना नकार. माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या सूचना २०२२ पासून आहेतच, आणि निवेदकांची मैदानावरची पत त्याहून महाग आहे. पैसे घेतलेल्या भागावर 'सशुल्क प्रसिद्धी'ची खूण न विसरता.

३ फेब्रुवारी

काल अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत पंचाला लाथ मारण्याचा प्रकार घडला. दिवसभर त्यावर विनोद फिरताहेत. आपल्याकडे त्यावर एक शब्दही नाही. निवेदक उद्या त्याच पंचांच्या शेजारी माईक घेऊन उभे राहणार आहेत. भाग ३ मध्ये वाहकाच्या निर्णयावर प्रवासी भडकतो असा तुकडा होता. तो आता त्याच घटनेवरचा टोमणा वाटेल. काढला. वाहक तिकिटाचं यंत्र बंद करून 'पुढच्या गाडीनं या' म्हणतो, एवढंच ठेवलं.

सर्व भागांना लागू: खऱ्या मल्लांची नावं नाहीत, अंगलटीवर, जातीवर, गावाच्या हार-जितीवर विनोद नाही. विनोदाचं लक्ष्य कायम प्रसंग.

१६ फेब्रुवारी : भाग ३, 'रुमाल'

खऱ्या स्थानकात चित्रीकरणाला एसटीच्या विभाग नियंत्रकांची परवानगी लागते, आणि गर्दीच्या वेळी ती व्यवहार्यही नाही. उभी असलेली खासगी बस भाड्याने घेतली, शाळेच्या मैदानावर लावली. इंजिन बंद, चाकांना दगड. खिडकीतून पोराला आत सोडण्याचं दृश्य (कलाजंग) आतून दोघांनी धरून, खाली गादी टाकून, एकाच दमात.

रुमालाचं वजन महत्त्वाचं. साधा सुती रुमाल खिडकीतून फेकला तर वाऱ्याने दारातच पडतो. ओला करून पिळला की सरळ जातो, आणि सीटवर 'थप्' असा बसतो. अनुभवी प्रवासी पिशवी टाकतो, पण पिशवीत मजा नाही.

गटवारी: अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून प्रवास मोफत आहे. त्यावरून मास्तरांनी 'पंचाहत्तर वर्षांवरील खुला गट' पुकारला, आणि त्या गटातल्या आजी विनातिकीट, विनारुमाल, थेट सीटवर. निकाल पाच सेकंदांत. पैलवान : "खडाखडीच न्हाई झाली मास्तर. आजीनं बगितलं आन् गडी उठला."

जुन्या संहितेत मास्तर तिकिटाचा आकडा वाचतात. २५ जानेवारीपासून भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं आहे, आकडा चुकीचा ठरतो. आकडाच काढून 'पूर्ण तिकीट' केलं. पुढेही भाव, भाडं, वर्गणी यांचे आकडे निवेदनात नकोत. इनामाचे चालतील, ते आपलेच.

२ मार्च : प्रसिद्धीची तयारी

भाग १ ते ३ तयार. दर रविवारी सकाळी, मैदानांच्या वेळा टाळून. हंगामात रविवारी दुपारनंतर कुस्तीशौकीन घरी नसतो. लहान फिती प्रत्येक भागातून दोनच, एका मिनिटाच्या आतल्या, आणि त्यात निकाल नाही. फितीत निकाल दिला की लांब भाग कुणी उघडत नाही. लांब भागांच्या जोरावर यूट्यूबचं जाहिरातींचं उत्पन्न मिळायला १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहणी लागते. शॉर्ट्सची पाहणी त्या तासांत धरत नाहीत, म्हणून जोर लांब भागांवर.

भाग ४ सोसायटीची वार्षिक सभा. बसलेल्या माणसांचीच कुस्ती असल्याने घिश्शाची रेलचेल होईल, तक्ता पुन्हा वस्तादांना दाखवायचा. माईक सहा लागतील, आपल्याकडे चार. सभेच्या टेबलावरचे दोन भाड्याने, आणि बोलणाऱ्याव्यतिरिक्त बाकीचे संकलनात बंद ठेवायचे, नाहीतर पंख्याचा आवाज सहापट होतो. मार्चपासून तालमीत पंखे बंद ठेवून दुपारी मुद्रण जमणार नाही. निवेदनाची वेळ पहाटेच्या मेहनतीनंतर, आठ ते दहा. पैलवानांचा घसा त्या वेळी बसलेला असतो, कोमट पाणी टेबलाखाली ठेवायचं. हलगीची नवी पट्टी उन्हाळ्याच्या हवेत पुन्हा घ्यायची आहे, डिसेंबरची आता चालणार नाही.